अर्धी वाटी द्राक्षासव

गोळी मागायला येणारे

बाजाराच्या दिवशी आमच्या वडनेरच्या घरी कोणी ना कोणी बाई येते. आधी पाणी मागते, मग कापसाच्या भावाचं, पोरांच्या शाळेचं बोलते आणि उठता उठता हळूच विचारते, "भाऊ, थे गोळी कुठं भेटते जी?" कोणाचा नवरा पिणारा असतो, कोणाचा लेक. बहुतेकींचा बेत ठरलेला असतो. गोळी वरणात घोटून द्यायची, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मी नाही म्हणतो. मग ती माझ्या बायकोकडे, अनुसयाकडे पाहते. अनुसयाही नाही म्हणते. ती बाई मनात म्हणत असणार, यांचं भागलं, आता दुसऱ्याची कशाला पर्वा.

तसं नाही, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनाला तेलपाणी करणारा माणूस आहे, नाव किसन. शाळा थोडी झाली, वाचायची गोडी नंतर लागली. स्वभाव जरा तिखट आहे. घरच्यांच्या मते यातला 'जरा' काढून टाकला तरी चालेल. औषधाची माहिती डॉक्टरांकडूनच घ्यावी. ते औषध घेताना आमच्या घरात काय झालं, एवढंच मला सांगता येईल.

बंदीच्या जिल्ह्यात

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी जुनी. बाहेरच्यांना वाटतं, इथे सगळे ताकच पितात. मोहाची दारू मिळायची. नाल्यापलीकडे कोण गाळतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असायचं. पण उघड दुकान नसल्यामुळे माझ्यासारख्याला लपायची सवय लागली, आणि ती सवय दारूइतकीच अंगात मुरली. लपून प्यायचो, लपून ओकायचो, आणि घरी आल्यावर कोणी विचारायच्या आधीच सांगायचो, "मी पेलो नाई."

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. वस्तीतले श्रावणजी सगळ्यांना घेऊन गेले होते. श्रावणजी आमच्यातले जाणते. दिवसभर मागावर बसायचे आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचे, मलाही त्यांनीच वाचनाला लावलं. त्या मैदानावर हात जोडून मी मोठ्यानं शपथ घेतली की दारू पिणार नाही. ती खोटी घेतली नव्हती. आयुष्यात इतक्या खरेपणानं मी दुसरं काही बोललो नव्हतो. परत आल्यावर काही दिवस कोरडा राहिलो. मग हात थरथरायला लागले, झोप उडाली, अंगाला घाम सुटायचा, आणि एका संध्याकाळी पाय नाल्याकडे वळले. त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. सरकार बदललं, धर्म बदलला, माझा घसा तेवढा जुनाच राहिला.

वस्तीत आम्ही एकत्र बसून पंचशील म्हणायचो. पाचवं शील दारूचं. ते आलं की मी आवाज खाली घ्यायचो. शेजारी बसलेल्या अनुसयाला ते कळायचं, कारण ती तिथे तिचा आवाज चढवायची.

आजार हा शब्द

जिनात एकदा चालत्या पट्ट्याजवळ माझा झोक गेला. जोडीदारानं सदरा धरून मागे ओढलं, म्हणून हात शाबूत आहे. कामावरून घरी पाठवलं, आणि घरी आल्यावर रक्ताची उलटी झाली. अनुसयानं मला हिंगणघाटच्या एका दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांना नाव छापून आलेलं आवडायचं नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, हात पुढे करायला लावले. हात हलतच होते. म्हणाले, "हा आजार आहे." मला रागच आला. मी म्हटलं, "आजार म्हन्जे हिवताप, देवी. हे माहं पाप हाय." डॉक्टर म्हणाले, "पापाचं तुमचं तुम्ही बघा. आजाराचं मी बघतो."

त्या दिवशी मला खूप हलकं वाटलं आणि तितकीच भीतीही वाटली. पाप असतं तर उद्यापासून करायचं नाही असं ठरवता आलं असतं. तसं तर मी रोजच ठरवत होतो. आजार म्हटल्यावर तो बरा न होण्याचीही शक्यता आली. अनुसया मात्र तिथेच, सगळ्यांसमोर रडली. इतकी वर्षं ती समजत होती की आपल्यातच काही कमी आहे, म्हणून हा माणूस बाहेर वळतो. मला ते ठाऊकच नव्हतं.

खाट

पहिले दिवस फार वाईट गेले. भिंतीवरून सरकीसकट कापूस रांगत येताना दिसायचा आणि मी तो झटकत बसायचो. दोन्ही हात कापडानं खाटेला बांधले होते. पेज दुसऱ्यानं भरवायची, दाढी दुसऱ्यानं करायची. वॉर्डातला एक म्हातारा कामगार दाढी करताना गाणं गुणगुणायचा, कारण मी थरथर कापत असताना वस्तरा चालवायचा म्हणजे त्यालाही धीर हवा होता. तो एकदाही म्हणाला नाही की काय रे ही दशा. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मी डॉक्टरांच्या मागे लागलो की ती नवी गोळी द्या. शेजारच्या खाटेवरच्याकडून ऐकलं होतं, परदेशातून दारू सोडायची गोळी आली आहे. डॉक्टर म्हणायचे, "थांबा. अंगातली दारू पूर्ण उतरल्याशिवाय ती देता येत नाही." त्यांनी छाती तपासली, यकृत नीट चालतंय का पाहिलं, लघवी तपासायला पाठवली. मला वाटायचं, गोळी देण्यासाठी हा माणूस वधू पाहायला आल्यासारखा काय करतो आहे. आता कळतं. ज्याचं यकृत किंवा हृदय अधू आहे, त्याला ही गोळी सोसत नाही.

गोळी द्यायच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. अनुसयानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, वरनात घोटून देऊ काय? सांगून देतलं तं हे घ्याचे नाई."

डॉक्टर एरवी शांत बोलायचे. तेव्हा त्यांचा आवाज चढला. "बाई, ही गोळी दारूची इच्छा काढून टाकत नाही. ही अंगात असताना दारू पोटात गेली की तिचं विष होतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, माणूस मरूही शकतो. ज्याला हे माहीत आहे, तो भिऊन लांब राहील. ज्याला माहीत नाही, तो नेहमीसारखा पिईल आणि तुमच्या मांडीवर मरेल."

अनुसयानं खाली मान घालून सांगितलं की मागे आर्वीच्या बाजारातून कोण्या बाबाची पुडी आणून तिनं मला भाजीतून दिली होती. मी म्हटलं, "तरीच थे वांगे कडू लागत होते." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एवढंच बजावलं की आता घरात चोरून काही नाही. गोळी रोज सकाळी, दोघांच्या समोर, नवऱ्याच्या मर्जीनं. दारूचा थेंब नाही. आणि गोळी बंद केली म्हणून लगेच प्यायचं नाही, कारण तिचा असर आठवडा-दोन आठवडे अंगात राहतो. कोणी मागितली तरी उसनी द्यायची नाही.

सकाळची गोळी

घरी आल्यावर अनुसया रोज सकाळी वाटीत पाणी घेऊन त्यात गोळी विरघळवायची आणि माझ्यासमोर बसायची. लहान पोराला एरंडेल पाजतात तसा तो प्रकार. मला लाज वाटायची, कधी चीड यायची. गोळीनं दिवसा सुस्ती यायची, तोंडाला लसणासारखा वास यायचा. पण एक सुख होतं. सकाळी एकदा गोळी पोटात गेली की त्या दिवसाचा वाद मिटला. संध्याकाळी नाल्याकडे बघून मन कितीही बोलू लागलं, तरी उपयोग नव्हता. पूर्वी दिवसभर भांडायचो स्वतःशी, आता सकाळी एकदाच.

श्रावणजींना हे पसंत नव्हतं. म्हणाले, "किसन, शपथ मनानं पाळाची असते, गोळीनं नाई. थे कुबडी झाली." मी तिखट माणूस. म्हणालो, "पाय मोडला श्रावणजी, तं कुबडी घेतेतच नं." ते बरेच दिवस माझ्या घरी चहाला आले नाहीत. त्यांचा शब्द मला लागला होता. कारण मलाही आतून तसंच वाटायचं.

महिने गेले. हात थांबला. जिनात मला परत इंजिनावर घेतलं. वैशाखी पौर्णिमेच्या आधी श्रावणजी स्वतः दारात आले आणि म्हणाले, "यंदा पंचशील तू सांग, लोक तुह्या मागं म्हनतील." एवढा मान मला कधी कोणी दिला नव्हता. अनुसयानं माझं धोतर नीळ घालून धुतलं.

पौर्णिमेची दुपार

माझी मोठी बहीण समुद्रपूरला दिलेली. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं, म्हणून मी तिला बाई म्हणतो. तो सोहळा पाहायला ती मोटारीनं आली आणि मला पाहून तिचं तोंड उतरलं. "किसना, दारू सोडली अन् अंगातलं रक्तच गेलं तुह्या. कसा दिसून राह्यला बाप्पा." तिनं पिशवीतून एक बाटली काढली. गावच्या वैद्याकडून मुद्दाम आणलेलं द्राक्षासव. "बाळंतिणीले देतेत हे. चार दिवसांत उठून कामाले लागते बाई."

मी आयुष्यात मिळेल ते प्यायलो, पण आसवाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते बाळंतिणीचं औषध, भूक मेलेल्या म्हाताऱ्यांचं औषध. बाटलीवर दोन चमचे, तितकंच पाणी घालून, असं लिहिलं होतं. बाई म्हणाली, "दोन चमच्यानं काय होते? एवढे लोक येतीन, उभं राहाचं आहे त्याले." अनुसयानं वाटी पुढे धरली, बाईनं अर्धी भरली, आणि अनुसयानं ती माझ्या हातात दिली. मी बहिणीच्या मायेचं म्हणून एका घोटात प्यालो. गोड होतं, खाली थोडं जहाल. ती जहाल चव जिभेला ओळखीची वाटली का? वाटली. पण औषध आहे, जहाल असणारच, असं म्हणून मी तोंड पुसलं आणि निघालो.

निंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. मी उभा राहिलो, पहिलं शील म्हटलं, लोक मागून म्हणाले. दुसऱ्या शीलाला कान गरम झाले. वाटलं, उन्हानं. तिसऱ्याला तोंड तापलं, मानेच्या शिरा ठोकायला लागल्या. चौथ्याला श्वास पुरेना. समोरची माणसं माझ्याकडे पाहायला लागली होती, कारण माझे डोळे रक्तासारखे लाल झाले होते. पाचवं शील तोंडातून निघालंच नाही. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो आणि नीळ घातलेल्या धोतरावर ओकलो.

मी पेलो नाई

कोणी तरी मागून म्हणालं, "गेला कामातून." कोणी म्हणालं, "पाचव्यालाच अडला पाहा." श्रावणजी माझ्याजवळ वाकले. रागावले असते तरी चाललं असतं. ते हळूच म्हणाले, "आजच्या दिवशी तरी नाई प्याचं होतं, किसन."

मी म्हटलं, "मी पेलो नाई."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं खोटं बोललो होतो. आता खरं बोलायची वेळ आली तर माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट शाळेत मीही वाचली होती. त्यात त्याच्या मेंढ्या गेल्या. माझी तर बायको जात होती.

कारण अनुसयाला डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलेलं होतं. तोंड लाल होईल, छाती धडधडेल, श्वास लागेल. ती एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर घडत होती. इतरांना संशय होता, तिला खात्री होती. ज्या औषधावर आमचा संसार तगला होता, तेच औषध माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कवा पेले?" पेले काय, असं तिनं विचारलं नाही. कवा, एवढंच.

मोठ्या सडकेवरून एक ट्रक जात होता, त्यात घालून मला हिंगणघाटला नेलं. बाई वाटभर म्हणत होती, "अशक्तपना हाय त्याले, ऊन लागलं." ती एकटी माझ्या बाजूनं होती.

दवाखान्यात नळीनं प्राणवायू दिला, सलाईन लावलं, पाय उंच करून ठेवले. छाती इतकी उडत होती की खाट हलते आहे असं वाटायचं. मरणाची भीती वाटली, हे लपवत नाही. पण थोडं ओसरल्यावर जो विचार आला त्याची भीती मला आजही जास्त वाटते. मनात आलं, न पिताच जर मी दारुडा ठरतो, तर पिऊन तरी दारुडा ठरावं. इथून सुटलो की गोळी बंद, थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि सरळ नाला गाठायचा. भिंतीकडे तोंड करून मी हा बेत नीट जुळवला. महिनोन्महिने राखलेलं सगळं मी त्या भिंतीकडे पाहत सोडून दिलं होतं.

डॉक्टरांचा प्रश्न

डॉक्टर आले आणि खाटेच्या कडेला बसले. मी वाट पाहत होतो की आता हेही विचारतील, किती प्यायलात? त्यांनी अनुसयाला विचारलं, "बाई, सकाळपासून यांच्या पोटात काय काय गेलं, ते सांगा. पाणीसुद्धा."

अनुसया खालच्या मानेनं सांगत गेली. गोळी. चहा. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ताक. मग म्हणाली, "अन् बाईनं आनलेलं थे शक्तीचं औषध, अर्धी वाटी, बिनपान्याचं."

"कोणतं?"

"द्राक्षासव."

डॉक्टरांनी विचारलं, "आसव कसं करतात, माहीत आहे?" आणि त्यांनीच सांगितलं. मनुका, गूळ, धायटीची फुलं, सगळं मडक्यात घालून तोंड लिंपून महिनाभर ठेवतात. ते आंबतं. त्याशिवाय आसव होतच नाही.

अनुसयानं वर पाहिलं. मोहाची फुलं कशी भिजत घालतात हे आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. ती म्हणाली, "मंग थेबी तसंच झालं नं डॉक्टरसाहेब."

"तसंच. कमी असते, पण असते. आणि यांनी घेतलं अर्धी वाटी, बिनपाण्याचं." मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "चूक माझी आहे. दारू पिऊ नका एवढंच मी सांगितलं. तुम्ही ते पाळलंत. आसव, अरिष्ट, खोकल्याची काही औषधं, यांतही ती असते, हे मी सांगायला हवं होतं. यापुढे वैद्य असो, डॉक्टर असो, कोणाचंही औषध तोंडात घालण्याआधी सांगायचं की मी ही गोळी घेतो."

बाई दारात उभी होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला हाक मारली. ती जवळ येईना. शेवटी मी म्हटलं, "बाई, तू एकटीच तं म्हनत होती की हा पेला नाई म्हनून." तेव्हा ती आली आणि माझे पाय चेपत बसली.

अनुसया खिडकीशी गेली होती. वाटी आपल्याच हातानं दिली, याचं तिला वाईट वाटत असेल असं मला वाटलं. तिनं पाठमोरीच राहून सांगितलं, "वाटीचं जाऊ द्या. थे मले माहीत नव्हतं. तुमी सांगत होते अन् मी आयकलं नाई, थे तं माहीत असून केलं मी."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मनात सगळं तयार होतं. तोंड उघडलं तर रडूच आलं. आणि रडता रडता मी तिला माझा नाल्याचा बेत सांगून टाकला. तो आजवर मनात ठेवला असता तर मी एव्हाना नसतो.

श्रावणजी

घरी आलो तर गावात बातमी आधीच फिरली होती, पण अर्धी. आसवातून चढली म्हणे, असं कोणी कोणी हसून सांगत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर कोण हेच लोकांना पटत नव्हतं. मी घराबाहेर पडेना.

श्रावणजी एका सकाळी आले. बसले, चहा घेतला. मग म्हणाले, "किसन, मी जेवल्यावर रोज आसव घेतो. भूक लागत नाई म्हनून वैद्यानं देतलं. दीक्षेच्या आधीपासून घेऊन राह्यलो." त्यांनी कप बाजूला सारला. "मंग माही शपथ कवाच मोडली म्हनाची काय?"

खरं सांगतो, एक क्षण मला बरं वाटलं. कुबडी म्हणणारा माणूस आज माझ्यासमोर लंगडत होता. तोंडात शब्द आलाच होता. पण त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो गिळला. हा माणूस रात्रभर झोपला नव्हता. म्हणालो, "तुमाले माहीत नव्हतं श्रावणजी. माहीत नसताना घेतलं त्याले मोडनं म्हनत नाई."

ते म्हणाले, "तुलेबी माहीत नव्हतं." मग उठून त्यांनी माझा हात धरला आणि मला वस्तीच्या चौकात नेलं. तिथे बसलेल्यांना त्यांनी सगळं सांगितलं, माझं आणि स्वतःचंही. त्यांच्यावर कोणी हसलं नाही. म्हणून माझ्यावर हसणारेही गप्प झाले.

गोळी सुटली

डॉक्टरांनी मध्ये बरेच दिवस जाऊ दिले, पुन्हा तपासलं आणि कमी प्रमाणात गोळी सुरू केली. अनुसयानं ती हातात घ्यायला नकार दिला. "माह्या हातानं नाई," म्हणाली. मग मीच विरघळवून तिच्यासमोर घेऊ लागलो. दुधानं तोंड पोळलेलं, आम्ही ताकही फुंकून पिऊ लागलो. दाताच्या डॉक्टरालाही मी आधी गोळीचं सांगितलं. तो वैतागला, पण मी सांगितलंच.

पुढे पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी ते वयावर ढकलत होतो. अनुसयानं ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, हे गोळीनं होऊ शकतं, आता ती बंद. मी घाबरलो. म्हटलं, कुबडी काढली आणि पडलो तर? डॉक्टर म्हणाले, "पडलात तर लपू नका, इथे या. एवढं जमलं तरी खूप आहे." घरी येताना मोटारीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. आता दोघांच्या मध्ये पुरावा देणारं काही उरलं नव्हतं. मी प्यायलो तर तोंड लाल होणार नव्हतं. नाही प्यायलो तर तेही दाखवता येणार नव्हतं.

त्या हंगामात जिन उशिरापर्यंत चालायचं. एक दिवस इंजिन बिघडलं, वडनेरची नेहमीची मोटार हुकली, आणि मी कोणाच्या बैलबंडीतून, मग थोडं पायी, असा घरी निघालो. दिवसभर कापसाचा भुसा डोळ्यांत गेलेला, डोळे लाल. अंगात कणकण होती, पाय धड पडत नव्हते. वाटेत नाला लागतो. पलीकडे भट्टीची आच पेटलेली दिसत होती. मी थांबलो. किती वेळ थांबलो ते सांगत नाही. मग घराची वाट धरली.

दारात अनुसया उभी होती. दिव्याच्या उजेडात तिला काय दिसत असेल ते मला कळत होतं. उशीर झालेला, डोळे तांबडे, चाल वाकडी. पूर्वी अशा वेळी ती पिशवी घ्यायच्या निमित्तानं जवळ यायची आणि हळूच तोंडाचा वास घ्यायची. मी उंबऱ्यापाशी थबकलो आणि म्हणालो, "अनुसया, मी पेलो नाई."

ती पिशवी घ्यायला पुढे आली नाही. आत वळली, चुलीजवळ बसली, आणि तिथूनच म्हणाली, "मी इचारलं काय? हात धुवा, भाकर निवून राह्यली."